पोपटी कात्रणं

दचकू नका, बोलतेय ती मीच. धक्क्यावरच्या छपरीत, मधल्या खांबाला, खिळ्यावर लटकलेली लाकडी सुई. कपडे शिवायची नव्हे हं, मासेमारीचं जाळं विणायची. तळहाताएवढी लांब, चपटी, एका टोकाला निमुळती, पोटात एक जीभ आणि शेपटीला खाच. जिभेभोवती धागा गुंडाळायचा आणि जाळं फाटलं असेल तिथे मला आत-बाहेर फिरवायचं. एवढंच माझं शिक्षण. पण बसल्या जागी माणसं पाहायला मिळाली की शाळेची फारशी गरज पडत नाही.

माझं मूळ वल्ह्याचं. ज्या म्हातारबांनी मला घडवलं, त्यांनी तरुणपणी शर्यत लावून होडी हाकली, खडकावर आपटली आणि वल्हं मोडलं. जन्मभर ते सांगत राहिले की खडक आडवा आला. मोडक्या दांड्यातून त्यांनी तीन वस्तू कोरल्या : एक मी, एक चमचा आणि दाराला लावायची एक पाचर. पाचर अजून कामावर आहे. चमचा हरवला. चमचे हरवतातच, कुठल्याही घरात विचारा.

म्हातारबांच्या काळी जाळी सुती होती. ते सकाळी मांडी घालून बसत, जाळं पायाच्या अंगठ्याला ताणून धरत आणि गाठ मारली की उरलेला धागा चाकूने कापत. कात्रणं मांडीवर पडत. काम संपलं की धक्क्याच्या कडेला उभं राहून धोतर झटकायचं आणि म्हणायचं, "घे बाई, तुझं तुला." बाई म्हणजे समुद्र. तिच्याकडून आलेलं थोडंसं तिला परत, असा त्यांचा हिशेब. सुताची कात्रणं पाण्यात पडत, कुजत, विरून जात. बाईची तक्रार नव्हती.

त्यांना दोन मुलगे. थोरल्याला होडी मिळाली, धाकट्याला मी. वाटणीवरून कुणी कुरकुरलं नाही, कारण धाकट्याला पाण्यावर गेलं की ओकारी येई आणि थोरल्याला एका जागी बसलं की झोप. धाकट्याची गाठ इतकी पक्की की लोक त्याला गाठोबा म्हणू लागले. खरं नाव आता त्यालाही हाक मारल्यावर पटकन कळत नाही.

मग नायलॉनचा धागा आला. विकायला आलेला माणूस गोड बोलणारा होता. "दादा, हा कुजत नाही. तुम्ही जाल, मी जाईन, धागा राहील." गाठोबा खूश. मी इतकी वर्षं बाजाराच्या तोंडाशी काढली आहेत, म्हणून सांगते, तो माणूस खोटं बोलला नाही. त्याने मालाचा गुण सांगितला. जो माल कुठेच कुजत नाही, तो टाकल्यावर तरी कुठे कुजणार, हे विचारायचं काम घेणाऱ्याचं होतं, आणि ते कुणालाच सुचलं नाही.

त्यात रंग पोपटी. इतका भडक की बाकी कुणी हात लावेना, म्हणून गाठोबाने सगळाच उचलला. "लांबून ओळखू येईल माझं काम," तो म्हणाला. आलंही. अख्ख्या धक्क्यावर पोपटी गाठी फक्त त्याच्या. पलीकडच्या छपरीत बसणारा दुसरा विणकर निळा धागा वापरी. त्या दोघांचं एका गाठीच्या पद्धतीवरून वाजलं होतं आणि तेव्हापासून ते एकमेकांकडे पाठ करून बसत. आमच्याकडे त्याचं नाव नुसतं 'समोरचा'. खरं तर तो मागचा होता.

रोज संध्याकाळी गाठोबा वडिलांसारखाच कडेला उभा राही, लुंगी झटकी. "घे बाई, तुझं तुला."

धक्क्याच्या वळणाशी पाणी उथळ आहे आणि तळाला लांब पात्यांचं गवत वाढतं. बोय मासे तिथे लहानाचे मोठे होतात. घरात त्या जागेला 'पाळणा' म्हणतात. थोरला तिथे कधी जाळं टाकत नाही. मासे अंगाने भरले, बाहेर पडले की खाडीच्या तोंडाशी तो त्यांची वाट पाहतो. निदान पाहायचा. हळूहळू टोपली अर्धी येऊ लागली, मग तळाशी लागू लागली. एक दिवस त्याने फळीवर 'होडी विकणे आहे' असं रंगवलं आणि होडीच्या नाकाला टांगलं. लांबच्या शहरात बर्फाच्या कारखान्यात काम मिळत होतं.

"तू आणि बर्फ?" गाठोबा म्हणाला. "तुला तर गार पाण्याने आंघोळ नको असते."

"मग मासे आण, राहतो," थोरला म्हणाला. त्यावर गाठोबाने मोठ्या बोटींना, वाऱ्याला आणि समोरच्याला शिव्या घातल्या. त्या आठवड्यात त्याच्या दोन गाठी सुटल्या. असं कधी होत नाही.

थोरल्याची बायको, म्हणजे गाठोबाची वहिनी, छपरीच्या बाहेरच मासे साफ करायला बसते. तिच्या जिभेपेक्षा तिची सुरी बरी, असं म्हणणारे लोक आहेत, पण ते तिच्या समोर म्हणत नाहीत.

"भावजी, इकडे या जरा."

"हातात गाठ आहे."

"गाठ पळून जात नाही. या."

तिच्या तळहातावर माशाच्या पोटातून निघालेला एक पिंजलेला पुंजका होता. पोपटी.

"शेवाळ आहे," गाठोबा म्हणाला.

"अगं बाई! शेवाळाला तुमची आवड कधी कळली?"

"कुठल्या तरी जाळ्याचं असेल."

"कुठल्या तरी? हा रंग अख्ख्या धक्क्यावर कुणाचा आहे, सांगा. कालच्या माशात होतं, परवाच्यात होतं. मी म्हटलं बघू, भावजींचं लक्ष जातंय का. पण तुमचं लक्ष गाठीत."

"खाल्लं म्हणजे आवडलं असेल त्याला," गाठोबा हसून म्हणाला. वहिनी हसली नाही.

"पोट भरलेलं आणि पाठ सुरीसारखी. हात लावून बघा. ओहोटी आहे, चला पाळण्यात."

काम सोडून उठताना गाठोबा मला कानावर खोचतो, म्हणून मलाही जायला मिळालं. गुडघाभर पाण्यात दोघं उभी राहिली. जुन्या लोकरीच्या बंडीवर गोळे धरतात ना, तसे गवताच्या पात्यांना पोपटी गोळे धरले होते. गाठोबाने एक काढून बोटांत चोळला. धाग्याचे केस झाले, केसांचा भुगा झाला आणि मग बोटांवर काही दिसेना. पाण्यात करंगळीच्या नखाएवढी पिल्लं होती. ती त्या भुग्याला किडे समजून टिपत होती.

"दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असं वाटायचं मला," गाठोबा म्हणाला.

"मामंजी टाकायचे ते संपायचं, भावजी. हे संपत नाही. हे नुसतं बारीक होतं."

परत आल्याबरोबर तो थेट थोरल्याकडे गेला.

"दादा, ती फळी काढ. मासे माझ्यामुळे गेले."

थोरल्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अख्खी खाडी तू एकट्याने बिघडवलीस? एवढा मोठा कधी झालास तू? बोटी आहेत, गटारं आहेत, वरून वाहून येणाऱ्या पिशव्या आहेत."

"त्यांचं मला काही करता येत नाही. माझ्या मांडीवरचं येतं. एक हंगाम थांब."

"बघू," थोरला म्हणाला. या घरात 'बघू' म्हणजे नकार नसतो, पण फळीही काढत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून गाठोबा खाली चादर अंथरून बसू लागला, शेजारी झाकणाचा डबा. सोपं नव्हतं. एकदा ऐन वेळी शिंक आली, कात्रणं उडाली आणि हा भला माणूस लुंगी सावरत त्यांच्यामागे धक्काभर धावला. पलीकडून समोरचा खो-खो हसला. डबा भरला की भंगारवाल्याकडे जातो. भंगारवाला विचारतो, "हे घेऊन मी काय करू?" निदान हा प्रश्न आता जमिनीवर विचारला जातो. ओहोटीला तो आणि वहिनी पाळण्यात जाऊन पात्यांवरचे गोळेही अलगद काढत. आणि संध्याकाळी सवयीने गाठोबा कडेला उभा राहायचाच, रिकामी लुंगी झटकायचा, मग पाण्याकडे बघून म्हणायचा, "आज काही नाही गं."

मधे माझ्यावरच गदा आली. पुतणीने काकाला कौतुकाने प्लास्टिकची नवी सुई आणली. गुळगुळीत, हलकी, लाल. मी खिळ्यावर. नवीन मालाशी भांडू नये, त्याला वापरात येऊ द्यावं, हे मला ठाऊक होतं. नायलॉनवर घासून घासून या नव्या सुईबाईंचं टोक बोथट झालं. वहिनीने ती उचलली, उजेडात धरली.

"झिजलं ते गेलं कुठे, भावजी?"

गाठोबाने मला खिळ्यावरून काढलं आणि तेलाचा हात फिरवला. झिजते मीही. पण माझी धूळ मातीला ओळखीची आहे.

आता आजचं सांगते. पुढचा हंगाम लागलाय. टोपली भरून वाहत नाही, खोटं कशाला बोलू, पण तळ झाकतो. सकाळी वहिनीने एक बोय चिरला आणि ओरडली, "भावजी, चिखल! नुसता चिखल आणि शेवाळ!" माशाच्या पोटात चिखल निघाला म्हणून आनंदाने ओरडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. पाठही भरलेली होती.

दुसरा चिरला. त्यात निळा धागा.

वहिनीने नुसतं पलीकडच्या छपरीकडे पाहिलं. गाठोबाही बघत राहिला. मग त्याने मला या खिळ्यावर अडकवलं, कोपऱ्यातला एक रिकामा डबा उचलला, पुसला, झाकण लावून बघितलं आणि चालू लागला. थेट समोरच्याकडे! इतक्या वर्षांत त्या बाजूला त्याची सावलीसुद्धा पडली नव्हती. इथून दोघांचं बोलणं ऐकू येत नाही. हातवारे दिसतायत. अजून डबा फेकलेला नाही, म्हणजे सौदा चालू आहे.

इकडे वहिनी होडीकडे गेली आणि नाकावरची फळी ओढू लागली.

"अगं, काय करतेस?" थोरला म्हणाला.

"माझा मासे कापायचा पाट झिजलाय. लाकूड बरं आहे हे."

त्याने हातातलं जाळं झाडलं. "घे," म्हणाला. "या हंगामापुरतं घे."

तिने फळी रंगाची बाजू खाली करून मांडली आणि पहिला मासा त्यावर ठेवला.

तर मंडळी, मी इथेच आहे, खांबावर. गाठोबा आला की कामाला लागेन. तुम्ही कुठे निघाला असाल तर जा, पण जाता जाता तुमच्या हातात काय आहे ते बघा, आणि ते झिजून, तुटून, बारीक होऊन कुठे जातं, एवढं एकदा वहिनीसारखं उजेडात धरून विचारा. आणि कडेने सांभाळून चाला. खाली पाळणा आहे, पिल्लं आहेत.