काळ्या लोखंडावरची फुली

"धर! नीट धर, सादिया. हललं की तुझंच मनगट जाईल," अम्मी ओरडली आणि घण खाली आला.

दणका सांडशीतून माझ्या खांद्यापर्यंत चढला. लालभडक पाटा ऐरणीवर जरा वाकला, ठिणग्या माझ्या पायावर उडल्या. मी हलले नाही. हलले असते तर वीरेशदादा हसला असता. तो निलंग्याकडचा टेम्पोवाला. त्याच्या टेम्पोची मागची कमान, म्हणजे चाकावरची पोलादी पाट्यांची स्प्रिंग, बसली होती. टेम्पो जॅकवर चढवून तो सावलीत शेंगा खात बसला होता.

"अक्का, तुमचा घण बघून घरची आठवण आली," तो म्हणाला.

"का? तुझी बायको पण मारती का घण?"

"घण न्हाई. मला मारती."

अम्मी हसली आणि हसता हसताच पुढचा घाव घातला. हुसेनबी म्हणजे माझी अम्मी. हडकुळी, बुटकी. तिला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिच्यानं घण उचलवणार न्हाई. पण घण ढकलायचा नसतोच. वर न्यायचा आणि सोडायचा. खाली येताना तो स्वतःचं वजन स्वतः आणतो, आपण फक्त वाट दाखवायची. शाळेत सर हेच फळ्यावर लिहून शिकवायचे तेव्हा मला झोप यायची.

शाळा मी सोडली. वर्गातला एक जण म्हणला, "हिची अम्मी म्हणजे बाप्या हाय, घण मारती." मी कंपासपेटी त्याच्या कपाळावर हाणली. रक्त आलं. हेडमास्तर म्हणले माफी माग. मी न्हाई मागितली. निघताना फळ्याखालचा खडूचा खोका तेवढा उचलून आणला, कारण दुकानात खडू लागतो.

का लागतो ते सांगते. औशात सोलापूर रोडला आमचं कमान-पाट्याचं दुकान हाय. लाल लोखंडाला कुणीच हात लावत न्हाई, लेकरू पण लांब पळतं. खोटं बोलतं ते काळं लोखंड. भट्टीतून काढलं की जरा वेळानं लाली जाते, पण गरमी आतच बसून राहते. दिसायला थंड, हात लावला की कातडं घेऊन जातं. म्हणून अब्बांनी नियम केला होता. गरम माल खाली ठेवला की "गरम!" म्हणून ओरडायचं आणि त्याच्यावर खडूनं फुली मारायची. फुली नसलेला माल थंड, कुणीही उचलावा. आणि ज्याच्याकडून फुली राहिली, त्यानं त्या दिवशी भट्टी विझवायची, शटर ओढायचं आणि घरी जायचं. मग तो मालक का असेना.

अब्बा टिपरखाली गेले. उतारावर गाडी उभी होती, चाकाखालचा दगड क्लीनरनं काढला. गाडी कुणाची वाट बघत न्हाई. ते गेल्यावर चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाली आणि अम्मीनं घण उचलला. ती कायम उजव्या कानावर खडूचा तुकडा खोवून असते, सुतार पेन्सिल खोवतो तसा.

कमान जमली. मी पाटा वाळूवर ठेवला. लाली जात जात पाटा पार काळा पडला. अम्मी "गरम!" म्हणली आणि तिचा हात कानाकडं गेला.

तेवढ्यात जहांगीरचाचा आला.

अब्बांचा धाकटा भाऊ. लहानपणी याच भट्टीवर शिकला, मग हात काळे होतात म्हणून बुटाचं दुकान टाकलं. हातात नवं कोरं कुलूप होतं, डोळे तांबारलेले.

"बस झालं भाबी. आजपासून बंद."

"हे गिऱ्हाईक जाऊ दे जहांगीर. मग बोलू."

"काय बोलू? नाझनीनला बघायला निघालेले पाहुणे काल इथून गेले. तुम्ही पदर खोचून घण मारत होत्या. भर रस्त्यात! पाहुणे घरी न येता तसेच लातूरला परत गेले. माझ्या पोरीचं काय करू मी आता?"

नाझनीन त्याची पोरगी. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. कारण चाचानं खिळ्यावरचं आमचं जुनं कुलूप काढून थेट भट्टीत फेकलं. निखारे उसळले. ते कुलूप अब्बांच्या हातचं होतं.

"काढा ते!" मी किंचाळले.

"तू गप, सांड कुठली! शाळा सोडून लोहारीण झाली—"

"हौ, झाले! तुमच्यासारखं लोकांच्या पायाशी बसून बूट न्हाई घालत!"

हातातलं नवं कुलूप वाळूत टाकून तो माझ्यावर धावला. अम्मी मधी आली आणि थप्पड तिला बसली. उजव्या कानाखाली, इतकी जोरात की ती ऐरणीवर आदळली. ओठ फुटला. मी हातोडा उचलला. वीरेशदादा शेंगा टाकून धावला.

"ओ भाऊ, बाईमाणसावर हात उचलता?"

चाचानं त्याला छातीवर ढकललं, तो टेम्पोच्या फाळक्यावर जाऊन पडला. मग माझ्याकडं वळला. "टाक हातोडा!"

"या ना! या जवळ!"

"सादिया, टाक!" अम्मी ओरडली. तिच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं.

मी टाकला न्हाई. चाचानं इकडंतिकडं बघितलं. त्याला पण काहीतरी हातात पाहिजे होतं. वाळूवरचा पाटा दिसला. मी त्याची नजर बघितली. ती फुली शोधत पाट्यावरून फिरली. फुली नव्हती. एवढी वर्षं बूट विकूनही तो नियम त्याच्या अंगात होता. तो वाकला.

"गरम!" अम्मी जीव तोडून ओरडली. "जहांगीर, गरम!"

पण त्याची मूठ आवळली होती.

तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आधी चर्र, मग माणसाचा. पाटा त्याच्या हातातून लगेच सुटला न्हाई. सुटला तेव्हा तळव्याचं कातडं सोबत घेऊन पडला. वास आला. मला खोटं बोलता येत न्हाई, मला बरं वाटलं.

अम्मीनं त्याचं मनगट पकडलं आणि हात पाण्याच्या टाकीत बुडवला. तो लाथा झाडत होता. तिनं सोडलं न्हाई. आत्ताच मार खाल्लेली बाई मारणाऱ्याला मिठीत धरून बसली होती. "राहू दे पाण्यात. राहू दे. जाईल आग."

"फुली कुठं व्हती?" तो लेकरासारखा रडत होता. "भाबी, फुली का न्हाई मारली?"

"चुकलं माझं," अम्मी म्हणली.

माझं डोकं फिरलं. "तुझं कसं चुकलं? यांच्याच थपडीनं तुझ्या कानावरचा खडू उडाला! हा बघ!" खडूचा तुकडा ऐरणीखाली पडला होता. मी तो उचलून चाचाच्या तोंडासमोर धरला. त्यानं बघितला. मग मान खाली घातली.

"पाटा माझा होता," अम्मी म्हणली. "फुली माझ्याकडून राहिली."

वीरेशदादानं रिक्षा बोलावली. बसताना चाचानं डाव्या हातानं माझ्या मुठीतला खडू काढून घेतला. का घेतला, मला कळलं न्हाई.

रिक्षा गेली आणि अम्मीनं भट्टीच्या पंख्याचं बटण बंद केलं. मी म्हणले, "वेडी झाली का? आता कोण बंद करतंय आपलं दुकान?"

"अब्बांचा नियम काय होता?"

"नियम गेला खड्ड्यात!"

तिनं निखाऱ्यांवर पाणी मारलं. वीरेशदादाला म्हणली, "पाटा उद्या बसवते दादा, आज माफ कर." तो म्हणला, "अक्का, मी टेम्पोतच झोपतो, तुम्ही ओठाला काहीतरी लावा." अम्मीनं शटर ओढलं. आमचं कुलूप भट्टीत तापून निकामी झालं होतं. उरलं होतं चाचाचं. वाळूत पडलेलं तेच कुलूप तिनं उचललं, पुसलं आणि खटकन लावलं.

"किल्ली त्याच्या खिशात हाय," मी म्हणले.

"माहीत हाय."

सगळा रस्ता मी तिच्याशी भांडत गेले. त्याला पाहिजे तेच झालं, तू स्वतःच्या हातानं केलं, आता तो किल्ली कशाला देईल. ती फुटका ओठ पदरानं दाबून चालत राहिली. घरी गेल्यावर पण जेवली न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडली तेव्हा कळलं, भीती तिला पण वाटत होती.

सकाळी शटरपुढं वीरेशदादा दात घासत उभा होता. आम्हाला बघून बाजूला सरला.

"पहाटं आले होते. हाताला पट्टी. बसले जरा वेळ पायरीवर."

कुलूप जागेवरच होतं. त्यात किल्ली लावलेली होती. आणि कुलपावर खडूची फुली होती, वाकडीतिकडी, एक रेघ अर्ध्यातच घसरलेली. डाव्या हातानं मारलेली.

"काय म्हणायचं हाय त्याला?" माझा आवाज चढला. "धमकी हाय का माफी हाय?"

फुली मारलेल्या मालाजवळ जाते तशीच अम्मी हळू पुढं झाली. तळवा न्हाई, हाताची पाठ आधी कुलपाला लावली आणि थोडा वेळ तशीच ठेवली.

"थंड हाय," म्हणली, आणि किल्ली फिरवली.