शिळाप्रेसमधला नंदी

सोमवारी सकाळी सिरसाळ्यात सिद्धलिंगअप्पांच्या गोदामासमोर एवढी माणसं जमली होती की परळीहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून कोण गेलं ते विचारलं. कोणी गेलेलं नव्हतं, आलेलं होतं. खुद्द वैजनाथाचा नंदी परळीहून निघून अप्पांच्या गोदामातल्या एका दगडात येऊन बसला होता आणि पाणी घातलं की दर्शन देत होता. ड्रायव्हरने स्टेअरिंगवरूनच हात जोडले. ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा, पण थांबणार न्हाई, असं त्याने मागे सांगितलं, आणि निम्मी गाडी रिकामी झाली.

गोदामात मध्यभागी, तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर, तो दगड आडवा ठेवला होता. पिवळट, गुळगुळीत, दोन पाट शेजारीशेजारी मांडावेत एवढा, चार बोटं जाड. त्याच्यामागे निर्मळगिरी महाराज तांब्याचा कलश घेऊन बसले होते. दर अर्ध्या तासाला ते डोळे मिटत, कलश कलता करत, आणि दगडावर पाणी पसरलं की तो गडद होई. त्या गडदपणात मात्र एक आकृती फिकीच राही. बसलेला बैल, वशिंड, गळ्यातली घंटा, शिंगांवरचे गोंडेसुद्धा. खाली दोन ओळी अक्षरं. बायका हुंदके देत, पुरुष मोबाइल वर धरत. पंख्याच्या वाऱ्याने दगड वाळला की बैल नाहीसा होई. नंदीमहाराज विश्रांतीला गेले, असं महाराज सांगत आणि स्वतःही चहाला जात.

"हे साधं पाणी न्हाई, मायबापहो," महाराज पुन्हा पुन्हा बजावत. "एकशे आठ विहिरींचं पाणी एकत्र करून मंत्रलेलं तीर्थ हाय हे. दुसऱ्या कुणी पाणी घातलं तर नंदी कोपंल."

बीड जिल्ह्यात पाणी असलेल्या एकशे आठ विहिरी यांना कुठे सापडल्या, हे एकानेही विचारलं नाही. तोच खरा चमत्कार होता.

महाराज चार वर्षांपूर्वीपर्यंत तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा दाखवत असत. नारळ आडवा पडला की तिथे पाणी. तिथे कोरडा फुफाटा निघाला तर चूक बोअरच्या गाडीवाल्याची, त्याने दोन फूट सरकून मशीन लावलं. असे गाडीवाले फार झाल्यावर महाराजांनी धंदा बदलला. शुक्रवारी ते केजकडून आले, दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ही देवलिपी असल्याचं जाहीर केलं. अक्षरांच्या डोक्यावर रेघ होती, पण वाचता येत नव्हती. आपल्या मराठीची ही पणजी, असं महाराज म्हणाले, आणि लगेच अर्थही सांगितला. जो या शिळेला मंदिर देईल त्याच्या बोअरला सात पिढ्या पाणी राहील.

हे ऐकून विजयसिंह पुढे आले. विजयसिंह जिल्हा परिषदेला उभे राहणार होते आणि त्यासाठी गेली दहा वर्षं पांढरे कपडे घालत होते. त्यांनी चौथरा जाहीर केला, सभामंडप जाहीर केला, आणि सोमवारी दुपारी तीनला दगड सिमेंटमध्ये उभा बसवायचं ठरवलं.

या सगळ्यात सिद्धलिंगअप्पा शेजारच्या आपल्या किराणा दुकानात बसले होते. बसले होते म्हणजे बसवत नव्हतं. गल्ल्यावर बसायचे, उठायचे, गोदामाच्या दारापर्यंत जायचे, परत यायचे. दुकानातले नारळ शनिवारीच संपले होते, उदबत्ती रविवारी, आणि आज गिऱ्हाइकं साधा कापूर मागत होती तोही नव्हता. बायकोने, शिवकांताबाईंनी, दोनदा विचारलं की पोटात काही बिघाड आहे का. अप्पा नाही म्हणाले. पोटात एक बादली होती, ती त्यांना कुणाला सांगता येत नव्हती.

कारण हा देव पहिल्यांदा त्यांनाच दिसला होता.

त्यांची थोरली मुलगी वर्षाराणी संभाजीनगरला चित्रकला शिकली, हैदराबादला एका छापखान्यात पाच वर्षं राहिली, आणि दिवाळीनंतर परत येऊन म्हणाली की गोदामात शिळाप्रेस टाकायचीय. अप्पांना शिळाप्रेस माहीत होती. निजामाच्या काळात उर्दू कागदपत्रं अशीच दगडावरून छापत, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. पण लग्नाची पत्रिका मोबाइलवर येते त्या काळात दगडावरून काय छापणार, हे त्यांना कळेना. तिने समजावलं. रोजची कामं नाहीत, खास कामं. चित्रकारांना आपल्या चित्राच्या मोजक्या प्रती हव्या असतात, हाताने छापलेल्या, प्रत्येकीवर सही केलेल्या. अशी कामं करणारे आता फार थोडे उरलेत. हैदराबादहून हाताने फिरवायचं जुनं मशीन आलं. अंबाजोगाईच्या एका बंद पडलेल्या उर्दू-मराठी छापखान्यातून पाच दगड आले. पहिलं कामही आलं. पुण्याच्या एक चित्रकार बाई येत्या शनिवारी येऊन सर्वांत मोठ्या दगडावर स्वतः चित्र काढणार होत्या. ते नीट छापलं तर पुढची कामं, नाहीतर वर्षाराणीला परत हैदराबादला दुसऱ्याच्या छापखान्यात जावं लागणार होतं.

दगडावर शाई फिरवायचा रूळ आणायला ती हैदराबादला गेली आणि जाताना म्हणाली, "अप्पा, मोठा दगड तेवढा पाण्यानं धुऊन ठेवा. धूळ लई हाय."

गुरुवारी अप्पांनी दगड धुतला. बोअरच्या पाण्याने, निळ्या प्लास्टिकच्या बादलीने. गळ्यात लिंग बांधणारा माणूस, समोर नंदी. त्यांनी शिवकांताबाईंना हाक मारली, ती समोरच्या हॉटेलवाल्याने ऐकली, पुढचं गावाने केलं. नंदी कोणत्या पाण्याने दिसला, हे कुणी विचारलं नाही.

एक वाजता वर्षाराणी एसटीतून उतरली. चामड्याचा रूळ तिने तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरला होता. गर्दी, मंडप आणि सिमेंटची पोती तिने नीट पाहून घेतली आणि दुकानात आली.

"अप्पा, माझा दगड कुठाय?"

"देव झालाय," अप्पा म्हणाले. "कावून धुतला म्हणून इचारू नको. तूच सांगितलतं."

तिला हसू आलं, पण तीन वाजताचं कळल्यावर ते गेलं. मग तिने पोत्यावर बसून सांगितलं. या दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात. ते तेल दगडाच्या अंगात मुरतं. दगडाला पाणी लावलं की कोरी जागा पाणी पिते आणि गडद होते, तेलाची जागा पाणी घेत नाही, फिकी राहते. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त त्या फिक्या जागेवर बसते. एवढ्यावर सगळी शिळाप्रेस चालते. आधीच्या मालकाने शेवटचं काम दगडावरून घासून काढलं नव्हतं. तेच दिसतंय.

"मग ती लिपी?"

"उलटी हाय. कागदावर सुलटी यावी म्हणून दगडावर उलटीच काढावी लागती."

अप्पा कापराची रिकामी बरणी पुसू लागले. तिने तिरमिरीत विचारलं, दगड सिमेंटमध्ये गेला तर शनिवारी त्या बाईंसमोर काय ठेवू, कडप्प्याची फरशी? असा दगड आता मिळत न्हाई. तुमी बोला त्यांच्याशी, गोदाम तुमचं हाय. अप्पा उठले, दारापर्यंत गेले, महाराजांच्या पायावर डोकं ठेवणारी दीडशे माणसं पाहिली आणि परत आले. शिवकांताबाई म्हणाल्या, गावात राहायचं हाय आपल्याला. वर्षाराणी सरळ विजयसिंहांकडे गेली.

तिने त्यांना एवढंच सुचवलं की दगड बसवण्याआधी नंदीचा कागदावर छाप काढावा आणि घरोघर वाटावा. विजयसिंहांनी विचारलं, खाली आमचा फोटो बसंल का? बसेल, म्हणाली. विजयसिंहांना यात आक्षेपार्ह काही दिसलं नाही. महाराजांना दिसलं, पण मंडप ज्याचा त्याच्यापुढे ते बोलू शकले नाहीत. पाणी मात्र माझ्याच कलशातलं, अशी त्यांनी अट घातली.

तीन वाजता दगड सहा जणांनी मशीनवर चढवला. वर्षाराणीने बादली उचलली तशी महाराजांनी हात आडवा केला. साध्या पाण्याने नंदी दिसत नाही, कोपतो, आणि मग गावात काय होईल याला आपण जबाबदार नाही, असं ते चढ्या आवाजात सांगू लागले. माणसं मागे सरकली. कुणीतरी वर्षाराणीला म्हणालं, पोरी, ठेव ती खाली. एकजण म्हणाला, शिकून लई शानी झालीस का बे? पोरीला बे म्हणतात का, याचंही त्याला भान नव्हतं. तिने बादली खाली ठेवली आणि वडिलांकडे पाहिलंही नाही.

ते न पाहणंच अप्पांना लागलं.

"म्या घातलतं," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "गुरुवारी. ह्याच बादलीनं, बोअरचं पाणी. म्हाराज तवा केजला होते. नंदी तवाच दिसला, आतापेक्षा चांगला दिसला. चार दिस म्या बोललो न्हाई."

महाराज सावरले. ती तुमची पुण्याई, अप्पा, असं म्हणून त्यांनी कलश पुढे केला. पण पुढे रुक्मिणीबाई बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, शुक्रवारपासून दगडाजवळून न हललेल्या. त्या म्हणाल्या, अप्पाची पुण्याई म्हंजे कसली? तराजूत बोट घालतंय ते. घाल पोरी पाणी, बघू.

वर्षाराणीने बादली ओतली. नंदी दिसला, घंटेसकट.

मग तिने कोपऱ्यातला लहान दगड आणला. तो स्वच्छ घासलेला, कोरा होता, हे सगळ्यांना दाखवलं. रुक्मिणीबाईंनी सकाळीच डोक्याला तेल लावलं होतं. मावशी, केसांवरून हात फिरवून इथं टेकवा, असं तिने सांगितलं. हात उचलल्यावर दगडावर काही दिसेना. पाणी घातलं, आणि पाच बोटांचा पंजा फिका उमटला.

रुक्मिणीबाईंनी आपला पंजा त्या पंज्यावर धरून पाहिला. "म्हंजे आता माझ्या हाताला बी चौथरा बांधा," त्या म्हणाल्या. "तेल पॅराशूटचं हाय, एवढं लिव्हा."

पहिलं हसू बायकांमधून आलं. ते आलं तशी भीती उतरली, आणि लोक दगडाभोवती दाटले. वर्षाराणी बोलत होती, हात चालू होते. स्पंजने दगड ओला, त्यावर काळ्या शाईचा रूळ. शाई कोऱ्या जागेवरून घसरत होती, बैलावर धरत होती. अप्पा पुढे आले आणि मशीनचा दांडा त्यांनी धरला. पहिला कागद फिका आला. दुसऱ्यावर शिंगं आली. तिसरा तिने हळूच सोलून विजयसिंहांच्या हातात दिला. मोठ्याने वाचायची सवय त्यांना सभांमुळे होतीच.

"नंदी छाप खमिरा तंबाखू," विजयसिंहांनी खणखणीत वाचलं. "नकली मालापासून सावध राहा."

यावर टाळी पडली. टाळी पडेपर्यंत त्यांनाही अर्थ लागला आणि त्यांनी कागद पीएकडे दिला.

महाराजांनी देवाने तंबाखूचं रूप का घेतलं हे सांगायला सुरुवात केली होती. पण रुक्मिणीबाईंनी मध्येच विचारलं की सात पिढ्यांचं पाणी ह्यात कुठं लिव्हलंय, बोट ठेवून दाखवा. महाराज म्हणाले, चष्मा गाडीत राहिला. तो आणायला गेले ते गेलेच.

सगळे सुधारले असं नाही. तिघा-चौघांनी तो कागदच प्रसाद म्हणून मागितला. एकाने अप्पांना ऐकवलं की गावाचा सभामंडप तुमी घालवला. अप्पा म्हणाले, व्हय, घालवला.

संध्याकाळी माणसं पांगली तरी वीसेक जण रेंगाळले, कारण खरं काम आता होतं. शनिवारसाठी दगड कोरा करायचा होता. वाळू आणि पाणी टाकून, वर दुसरा दगड फिरवत, बैल पूर्ण जाईपर्यंत घासायचं. वर्षाराणी म्हणाली, मी करते, तुमी नका बघू. अप्पांनी वाळू तिच्या हातातून घेतली. दगडापुढे त्यांनी सवयीने चप्पल काढली, क्षणभर विचार केला आणि परत घातली. मग घासायला लागले. करड्या पाण्याबरोबर आधी अक्षरं गेली, मग घंटा, मग शिंगं. वशिंडापाशी त्यांचा हात थांबला. रेंगाळलेले वीस जण पुढे सरकले. अप्पांनी घाम पुसला आणि वशिंडही घासलं. त्यांच्या हाताला काही झालं नाही. खांदा तेवढा रात्रभर ठणकला.

शनिवारी पुण्याच्या बाई आल्या, दगडावर हात न टेकवता नुसत्या कडेवरून एक बोट फिरवून म्हणाल्या, कोणी घासलाय हा? फार सुरेख झालाय. अप्पा दुकानात निघून गेले.

ते अजून दर सोमवारी वैजनाथाला जातात, लिंगपूजा चुकवत नाहीत. त्यावर आपलं काही म्हणणं नाही. देव ज्याचा त्याने ठरवावा. पण आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं त्याचा अर्थ लावायचं काम कलशवाल्यावर सोपवू नये. पाहिलं ते तसंच सांगावं, भरल्या गर्दीत सांगावं, आणि कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारावं. अप्पांना त्याला चार दिवस लागले, आणि तेवढ्यात सिमेंट दारात येऊन पडलं होतं. तुम्ही एवढे थांबू नका.