केसरीनाथशेठचा संगमरवर

खारबावच्या केसरीनाथ भोईरांची शेती गोदामांखाली गेली आणि गोदामांच्या भाड्यातून घरात राजस्थानी संगमरवराची फरशी आली. तेव्हापासून ते शेठ झाले. आल्यागेल्याला चप्पल काढायला लावायची आणि मग फरशीचं कूळ सांगायचं, हा त्यांचा उद्योग. कूळ सांगितलं होतं त्यांच्या मुलीने, रुचिकाने. ती भूगर्भशास्त्र शिकत होती. समुद्राच्या पाण्यातला चुना तळाशी साचतो, त्याचा चुनखडक होतो. तो जमिनीच्या पोटात खोल गाडला गेला की वरून दाब, आतून उष्णता. तरी तो वितळत नाही. घट्ट राहूनच त्याचे कण नव्याने वाढतात, एकमेकांत रुतून बसतात आणि त्याचा संगमरवर होतो.

शेठनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. रुचिकाला पुढे पुण्याला शिकायचं होतं. शेठना तिचं लग्न उरकायचं होतं. ती रडकुंडीला आली की ते म्हणत, "सासरी दाब पडला का होशील बरोबर. दगड सुदरतो, तू कशी सुदरनार न्हाय?" पोरीने शिकवलेला धडा असा तिच्याच अंगावर येई. ऐकणाऱ्याचं डोकं फिरावं असं हे बोलणं.

रविवारी पडघ्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. अशा वेळी देव आणि समया घासायच्या, हा घरोघरचा रिवाज. रुचिकाची आई पार्वतीबाई चिंचेचा कोळ घेऊन दिवाणखान्यातच बसल्या, कारण टीव्ही तिथे होता. समया लखलखल्या. फरशी पुसली, तर कोळ सांडला होता तिथली चकाकी गेलेली आणि हाताला खरखर लागू लागली.

शेठ भडकले. "अक्कल गहान टाकलीस काय? एवढ्या तापातून निघालेला दगड, त्याला चिंच कशी लागली?"

"रूप बदललं बाबा, माल तोच आहे," रुचिका म्हणाली. "आंबट लागलं की तो चुनखडकासारखाच झिजतो."

डागांवर सतरंजी पडली. पाहुणे आले. चहा झाल्यावर मुलाच्या वडिलांनी विचारलं, पोरीचं शिक्षणाचं वेड लग्नानंतर जाईल ना?

शेठ हसले. "दाब पडला का सगलं सुदरतं."

"न्हाय सुदरत," पार्वतीबाई दारातून म्हणाल्या. एरवी त्या पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसत. "मी या घरात आल्यापासून दाबातच हाय. वरून गुळगुळीत झाले. आतून हाय तीच हाय. आजपन झोंबतं."

पाहुणे लवकर उठले. आता शेठ ओरडणार म्हणून रुचिका आईजवळ जाऊन उभी राहिली. ते ओरडले नाहीत.

"कवापासून झोंबतंय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अंगाची हलद उतरली नव्हती, तवापासून."

सगळा संसार झाला आणि हे आपण आज विचारतोय, याची शेठना लाज वाटली. मग मुलीकडे न बघताच ते म्हणाले, "पुन्याचं कालेज कवा उघडतं?"