सोमवारची मुलं

ही गोष्ट १९५६ सालची. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचा कारभार, अशी तेव्हा लोकांची पक्की समजूत. त्यामुळे मुलांची बुद्धी मोजणारी शहरातली पहिली बाई म्हणून बाईंकडे लोक जरा अंतर राखूनच बघत. इस्पितळाने त्यांना धुलाईखान्याला लागून एक खोली दिली होती. मदतीला थोरली नणंद, तीही बिनपगारी.

खोलीत दहा खाचांची एक लाकडी फळी होती. चौकोन, तारा, चंद्रकोर, असे दहा तुकडे ज्याच्या त्याच्या खाचेत बसवायचे आणि बाईंनी घड्याळ लावून वेळ टिपायचा. तीन वर्षांत चारशे मुलं तपासून झाली होती. त्यावरचा निबंध छापायलाही गेला होता.

त्या सोमवारी सुताराची मुलगी आली. आठ वर्षांची, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. शाळेच्या मोठ्या बाईंनी कळवलं होतं, मठ्ठ ठरली तर शनिवारी नाव काढू.

मुलीने सहा तुकडे बसवले. उरलेल्या चारांच्या कडांवरून बोट फिरवलं, ते बाजूला ठेवले आणि स्वस्थ बसली. वेळ संपला. बाईंनी शेरा लिहिला, ‘मंद’.

"अगं, बुक्की मार की एक," नणंदबाईंना राहवेना. "बाकीची मारतात."

"फुगलेत ते," मुलगी म्हणाली. "ठोकले तर बसतील, पण मग निघायचे नाहीत. बाबा ओरडतात."

बाईंनी तुकडा उचलला. दमट होता. भिंतीपलीकडे धुलाईखान्यात चादरी उकळत होत्या, वाफ खोलीत झिरपत होती. दर सोमवारी आणि गुरुवारी उकळत.

मुलगी गेल्यावर बाईंनी कपाटातले सगळे कागद काढून वारांप्रमाणे लावले. मंद ठरलेली बहुतेक मुलं सोमवार-गुरुवारची. त्याच दिवशी फुकट शाळेतली मुलं यायची. गरिबाघरची मुलं बुद्धीने मागे, हाच तर निबंधाचा निष्कर्ष होता.

"वन्सं, यात गरिबी किती आणि वाफ किती?"

"मला काय विचारता वहिनी? मोजायचं काम तुमचं."

"आणि ही मुलगी हुशार, की नुसती बापाची शिकवण?"

"तुम्ही काय घड्याळ लावायला आईच्या पोटातून शिकून आलात?"

चार दिवस बाई लिहीत होत्या, फाडत होत्या. हुशार लिहावं तर कशाच्या जोरावर? मंद लिहावं तर डोळ्यांदेखत खोटं. खरं लिहावं तर तीन वर्षं पाण्यात. शुक्रवारी त्यांनी शाळेला चिठ्ठी धाडली, ‘दोष माझ्या फळीत आहे. या मुलीबद्दल मला काहीच सांगता येत नाही. तेव्हा माझ्या नावावर तिला काढू नये.’ आणि निबंध छापखान्यातून परत मागवला.

मुलीचं नाव शाळेत राहिलं. गणितात ती दोनदा नापास झाली आणि पुढे बापाचं दुकान तिनेच दुप्पट केलं. बाईंनी पोरीचं नेमकं काय तपासलं, ते सुताराला शेवटपर्यंत कळलं नाही. मोठ्या बाई निवृत्त होईस्तोवर त्या चिठ्ठीला उद्धट म्हणत राहिल्या. निबंध नऊ वर्षांनी निघाला, निष्कर्षाशिवाय. वन्सं त्याआधीच गेल्या होत्या. बाई विभागप्रमुख झाल्या, आणि बुद्धी म्हणजे काय असं विद्यार्थ्यांनी विचारलं की चष्मा पुसत बसायच्या. मुलांना वाटायचं, वय झालं.