एकदम वरचा सा

दाजींनी माझं मनगट धरलं, ते असं की जणू मलाच बंद करायचंय. पाणीखात्यात आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवलेला हात तो. कळ थेट डोक्यात गेली.

“अहो दाजी, सोडा! गाडी चालवायचीय मला त्या हातानं.”

“गप. ऐक.”

आम्ही संगीत विद्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. त्यांच्या पलीकडे त्यांची पोरगी, माझी भाची, बारकी. आत प्रवेशाची परीक्षा चालली होती, आणि आतला पोरगा बाहेर आला की हिचाच नंबर. शेजारच्या खोलीत भिंतभर रेकॉर्डी होत्या. तिथला चष्मेवाला माणूस वाट बघणाऱ्यांसाठी एकेक काढून लावत होता. आता त्यानं बाईंची, म्हणजे दाजी जिला देव मानायचे त्या गायिकेची, लावली होती. दाजींच्या घरी आहे तीच.

तीच म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. दाजींकडे रेकॉर्डी बऱ्याच, पण जीव एकीत. जुन्या बाजारात घेतलेली, कव्हर अर्धं फाटलेलं. सगळ्या गावाला पाणी सोडून दुपारी घरी आले की आंघोळ करायची, हात कोरडे करायचे, मखमलीच्या तुकड्यानं रेकॉर्ड पुसायची, आणि सुई अशी ठेवायची की झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालतोय. मग तडतड, तडतड, आणि त्या तडतडीतून बाई. मी एकदा म्हणालो होतो, “दाजी, फोनवर स्वच्छ ऐकू येतं की.” तर म्हणाले, “फोनवर गाणं ऐकू येतं. इथं बाई येऊन बसतात.” मला गाण्यातलं ढेकळं कळत नाही, पण खरं सांगतो, त्यांच्या खोलीत मीही पाय मुडपून नीट बसायचो. फोनवर बाईंचं बाकी सगळं सापडायचं, ही एक रेकॉर्ड तेवढी नाही. त्याचाही दाजींना कोण अभिमान!

गुरू परवडला नाही, म्हणून ते रेकॉर्डवरून शिकले. एक ओळ ऐकायची, सुई उचलायची, म्हणायची, परत ठेवायची. बारकी बोलायला लागल्यापासून तिलाही तसंच शिकवलं. आणि त्या आलापात एक जागा होती. बाई हळूहळू चढत यायच्या आणि मधल्या पायऱ्या सोडून एकदम वरच्या सावर. टाळी मारल्यासारखं. दाजी तिथं डोळे मिटायचे. “हे कुणाच्या बापाला जमायचं नाही,” म्हणायचे. ती उडी बसवायला बापलेकीनं घशाची पार वाट लावली. ताई ओरडायची, “पोरीला गाणं शिकवताय की कुंपणावरून उड्या?” पण बसली. बारकी ती उडी अशी घ्यायची, की माझ्यासारखा ठोंब्याही हातातलं टाकून बघत राहायचा.

तर आता त्या खोलीत बाई चढत होत्या. दाजींनी सवयीनं डोळे मिटले. मीही उडीची वाट बघत होतो.

उडी आलीच नाही.

बाई सावकाश एकेक स्वर घेत, मध्ये थांबत, एका ठिकाणी जरा मागं वळून बघितल्यासारखं करत वर गेल्या. लांब, शांत. मग वरचा सा आला, पण घरी परतल्यासारखा. तडतड नाही, टक् नाही.

दाजींनी माझं मनगट धरलं ते तेव्हा.

“दुसरी असेल,” मी हळूच म्हणालो.

“तीच आहे.”

“मग दुसऱ्या वेळी गायल्या असतील.”

“अरे, रेकॉर्ड आहे ती! दर वेळी वेगळं गायला काय माणूस बसलाय आत?” ते उठले, खोलीच्या दारापर्यंत गेले, फिरणाऱ्या तबकडीकडे बघितलं आणि परत आले. तोंड पांढरं. “माझ्या रेकॉर्डला तिथं चरा आहे. सुई घसरते. चार-पाच वेढे सोडून पुढं जाते. एवढी वर्षं मी...”

ते बाकावर टेकले.

बारकी कानात बोटं घालून, डोळे मिटून स्वतःशीच गुणगुणत होती. तिनं काही ऐकलं नव्हतं. आणि आत कोण बसलं होतं? बाईंची सगळ्यांत जुनी शिष्या. तिच्यासाठीच तर दाजींनी पोरीला हाच आलाप गायला सांगितला होता.

“सांगा तिला,” मी म्हणालो.

“काय सांगू? शिकवलंय ते चुकलंय, आता जा आणि गा?”

“निदान ती उडी मारू नको म्हणावं.”

“गळा ऐकायचा नाही. गळ्याला आता तेवढंच येतं.”

“मग नका सांगू.”

“आणि आत हसले तर? माझ्यापायी तिला हसले तर?”

दार उघडलं. आतला पोरगा घाम पुसत बाहेर आला. शिपायानं बारकीचं नाव घेतलं. ती उठली, ओढणी सारखी केली, बापाकडे बघितलं. दाजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतात.

“पाणी पिऊन जा,” ते म्हणाले.

पालकांना मागं भिंतीपाशी बसायची परवानगी होती. मीही घुसलो. समोर तिघं. मधल्या म्हाताऱ्या शिष्याबाई, पांढरे केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. बारकीनं सूर लावला. गोड लावला. शिष्याबाईंची मान जराशी हलली. पोरगी चढायला लागली तशी दाजींची बोटं स्वतःच्याच गुडघ्यात रुतत गेली. आणि तिनं ती उडी घेतली. एकदम वरचा सा. काचेसारखा.

“थांब.”

बारकी थांबली.

“परत म्हण बघू.”

तिनं परत म्हटलं. परत तीच उडी, तितकीच साफ. कोपऱ्यातला तरुण परीक्षक खाली बघून हसला.

“हे कुठून आणलंस?” शिष्याबाईंनी विचारलं.

“बाईंचंच आहे,” बारकी म्हणाली.

“बाई असं कधीच गायल्या नाहीत. मी तानपुरा घेऊन मागं बसायचे त्यांच्या.”

बारकीनं वळून बापाकडे बघितलं. दाजी उभे राहिले. माणूस साहेबासमोर उभा राहतो तसे, हात बाजूला.

“तिची चूक नाही. मी शिकवलंय. माझ्या रेकॉर्डला चरा आहे तिथं. मला आत्ता बाहेर कळलं.”

तरुण परीक्षक आता उघड हसला. शिष्याबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो कागद चाळायला लागला.

“केव्हापासून ऐकताय?”

“हिच्या जन्माच्या आधीपासून.”

“आणि कधी वाटलं नाही, मध्ये काहीतरी राहतंय?”

“वाटलं ना. पण म्हटलं बाईंनी सोडलंय, म्हणजे सोडायचंच असणार.”

शिष्याबाईंनी थकलेल्या आवाजात ती राहिलेली जागा म्हणून दाखवली. “म्हण.” बारकीनं प्रयत्न केला. गळा उडी मारून मोकळा. “परत.” परत तेच. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “रडायचं घरी. परत.” मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिनं डोळे मिटले आणि चाचपडत, अंधारात जिना चढावा तशी, त्या मधल्या स्वरांवरून गेली. कच्चं होतं. पण गेली.

“घेते हिला,” शिष्याबाई म्हणाल्या. मी टाळी वाजवणार तोच त्या दाजींकडे वळल्या. “पण एक सांगते, राग मानू नका. यापुढं घरी तुम्ही शिकवायचं नाही. आणि ती रेकॉर्ड हिच्या कानावर पडता कामा नये. नाहीतर हे निघायचं नाही.”

“नाही पडणार,” दाजी लगेच म्हणाले. फार लगेच.

परत येताना दाजी पुढं माझ्या शेजारी, बारकी मागं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “मग काय, पेढे-बिढे?” चौकात सिग्नलला थांबलो. भर उन्हात बसचे हॉर्न, कुणाची तरी शिवीगाळ. माझी गाडी जुनी, आत गार हवा वगैरे काही नाही, चारही काचा खाली.

मागून बारीक आवाज आला. बारकी ती नवी जागा गुणगुणत होती. अडखळली, परत सुरुवातीला गेली. दाजी समोर बघत बसले होते. मान वळवली नाही, ‘वा’ नाही, ‘असं नाही, तसं’ नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही.

ती तिसऱ्यांदा चढायला लागली तेव्हा त्यांनी हँडलला हात घातला आणि आपल्या बाजूची काच हळूहळू वर केली. मीही माझी केली. मागच्या दोन्ही काचाही आम्ही हात मागं लांबवून वर केल्या. सिग्नल हिरवा झाला, मागचा ट्रकवाला बोंबलायला लागला. आमच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या.

गरम होतंय, असं कुणीच म्हणालं नाही.