घंटेची दोरी

मार्गशीर्षातली संध्याकाळ. सुरूंच्या सळसळत्या, श्यामल रांगेमागे सूर्य बुडत होता. केळीच्या पानापानावर केशर सांडलं होतं, आणि खारा वारा वाड्या ओलांडून वसईच्या त्या जुन्या रस्त्यावर रेंगाळत होता. अशा रूपवान संध्याकाळी कुणाला दुःख असू नये. पण असतं, काय करणार!

वळणावर पास्कूकाका डाबऱ्यांची पिझ्झाची भट्टी. काकांचे वडील बोटीवर खानसामा होते. नेपल्स बंदरात पिझ्झा शिकले, आणि परतताना मोडीत निघालेल्या एका बोटीची पितळी घंटा घेऊन आले. तेव्हापासून इथे लाकडं धगधगतात, पीठ फुगतं, आणि गावोगावचे आनंद इथेच साजरे होतात. साखरपुडा असो, नाहीतर दहावीचा निकाल. रीत एकच: ज्याचा सण, त्याने घंटेची दोरी ओढायची. घंटा वाजली की मगच पिझ्झा भट्टीत जाणार, आणि बसलेली सगळी माणसं, ओळखीची-बिनओळखीची, टाळ्या पिटणार.

जयवंत आणि हेमांगी राऊत पालघरहून दर वर्षी याच तारखेला येत. लेकीचा, ऋजुताचा वाढदिवस. खिडकीजवळचं टेबल, तीन खुर्च्या, तीन ताटल्या.

ऋजुता उन्हाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं, आणि गेली. हसरी, बडबडी, एकदा दोरी हातात आली की न सोडणारी, सोन्यासारखी पोर.

जयवंतने टेबल मात्र सांगून ठेवलं होतं, दर वर्षीसारखंच, तिच्याच नावाने. हेमांगी त्याच्याबरोबर निघाली. ‘गेली’ हे नवऱ्याच्या तोंडून अजून एकदाही निघालं नव्हतं, सुतकातसुद्धा नाही. आणि ते आत साचून साचून हा माणूस एक दिवस कोसळेल, याची तिने धास्ती घेतली होती.

“काय हो जयवंतभाऊ, आमची घंटावाली कुठंय?” पास्कूकाकांनी भट्टीपुढून हाळी दिली. पिठाने पांढरा, धगीने तांबडा म्हातारा. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

“येतेय,” जयवंत म्हणाला. “मागून येतेय.”

काकांनी पीठ थापलं, आरक्त टोमॅटो पसरला, शुभ्र चीज विखुरलं, आणि कडेकडेने मक्याचे दाणे लावले. नेपल्समध्ये कुणी लावत नसेल, ऋजुताला लागत. लांब दांड्याच्या फळीवर पिझ्झा भट्टीच्या तोंडाशी येऊन थांबला.

बाहेर केशराचं जांभळं झालं, जांभळ्याचं राखाडी झालं. दार उघडे, दार मिटे. दर वेळी जयवंतची मान वळे. दर वेळी दुसरंच कुणीतरी.

“अहो, पीठ नाही थांबत फार वेळ! बसायला लागलं बघा. बोलवा पोरीला!”

“येतेय,” जयवंत म्हणाला. “येतेय.”

हेमांगी उठली. धगीपाशी गेली. “काका, ऋजू नाही यायची,” ती म्हणाली. “मे महिन्यात गेली ती.”

म्हाताऱ्याने फळी मागे ओढली. “अगं बाय माझे! आणि मी मेला मघापासून घंटावाली, घंटावाली करतोय...” त्यांनी कोपराने डोळे पुसले. मग अगदी हळू विचारलं, “मोडू हा?”

“नका मोडू. तिच्यासाठी थापलात ना? भाजा.”

आणि तिने दोरी ओढली.

घणघणली ती घंटा. निनादली भिंतींतून, तुळयांतून, तीन ताटल्यांतून. बसल्या माणसांना काय ठाऊक! रीतीप्रमाणे सगळी उठली. टाळ्या, शिट्ट्या, हसू. “कुणाचा हो वाढदिवस?” कुणीतरी ओरडलं.

“माझ्या ऋजूचा,” जयवंत म्हणाला. आणि बांध फुटला. “गेली हो ती. माझी ऋजू गेली.”

त्या कडकडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. हेमांगीला तेवढं गेलं. ती धावत आली, त्याचं डोकं पोटाशी धरलं, आणि भर टाळ्यांमध्ये तो पोरासारखा हमसून हमसून रडला.

पिझ्झा आला, वाफाळता, कडेला सोनेरी दाण्यांचा. जयवंतने डोळे पुसले, आपली खुर्ची उचलली, आणि दाराकडे पाठ करून बसला. भट्टीपाशी दोरी अजून हलत होती. हलत होती, हलत होती, मग थांबली.