साबणाने धुतलेला मोजा

मी एक जुना मोजा आहे. मित्रांनो, नाक दाबू नका. मी मोजा असलो तरी गेली एकोणीस वर्षे माझ्यात पाय गेलेला नाही. माझ्यात राख असते.

माझा जन्म शाळेच्या गणवेशासाठी झाला. रंग करडा, वर दोन निळ्या पट्ट्या. माझा एक जुळा भाऊही होता. आम्ही दोघे योतामू सोकोच्या थोरल्या मुलीबरोबर रोज शाळेत जात असू. एकदा तिने बूट ओसरीवर काढून ठेवले. त्यातला डावा तरसाने पळवला, आत माझा भाऊ होता. तरसाला बुटाचं कातडं आवडतं. भावाबद्दल त्याचं काय मत झालं, ते कळलं नाही.

एकट्या मोज्याला जगात काही किंमत नसते. पण योतामू लुआंग्वा नदीकाठच्या जंगलात वाटाड्या होता. पाहुण्यांना पायी हिंडवायचा. त्याने माझ्यात चुलीतली मऊ राख भरली, तोंडाला गाठ मारली आणि मला खिशात टाकलं. दर थोड्या वेळाने तो मला बाहेर काढून हलवी. माझ्यातून राखेचा पुसटसा धूर निघे, आणि तो जिकडे जाई तिकडे वारा वाहतोय हे योतामूला समजे.

यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, जंगलात सगळं यावरच चालतं. योतामू पाहुण्यांना सांगायचा, "हत्तीला आपण लांबून एखाद्या खुंटासारखे दिसतो. पण वास? तुम्ही काल काय जेवलात तेही त्याला कळतं. आपण पोचायच्या आधी आपला वास तिथे पोचलेला असतो."

एवढं मोठं जनावर, पण चालताना वाळकं पान वाजवत नाही, याचं त्याला इतक्या वर्षांनीही नवल वाटे. मध दाखवणाऱ्या इवल्या पक्ष्याला तो टोपी काढून नमस्कार करी. म्हणे, "हा खरा वाटाड्या. परवाना नाही, गणवेश नाही, आणि आजवर एकदाही चुकला नाही."

पाहुण्यांच्या मुक्कामाच्या तळावर कपडे धुण्याचं काम मुसोंडाकडे होतं. तो बेम्बा जमातीचा, योतामू न्गोनी जमातीचा. त्यांचे पणजोबा एकमेकांवर भाले घेऊन धावले होते. तेव्हापासून पणतूंनी एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि कुणीही रागवायचं नाही, असा तिकडचा रिवाज आहे.

"काय रे माकडखाऊ, माझ्या शर्टाची बटणं पण खाल्लीस का?"

"बटणं उंदरांनी नेली, बाम्बो. तुमच्या ताटातून वाचलेल्या उंदरांनी."

बाम्बो म्हणजे बाबा. असं रोज चाले. ज्या दिवशी चालत नसे, त्या दिवशी दोघांपैकी कुणाला तरी ताप असे.

यंदा योतामूच्या हाताखालच्या झेलिपाची परीक्षा होती. सहा वर्षे तिने तळावर भांडी घासली होती आणि उरलेल्या वेळात पावलांचे ठसे वाचायला शिकली होती. पास झाली तर ती वाटाडी होणार होती. नापास झाली तर भांडी होतीच. आदल्या संध्याकाळी योतामूने मला तिच्या गणवेशाच्या खिशात ठेवलं आणि गणवेश इस्त्रीला दिला.

मुसोंडाला मी सापडलो. तो तळ सोडून कधी जंगलात गेला नव्हता, मी कशासाठी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पोरीची परीक्षा, आणि खिशात हा असा मळका मोजा! त्याने माझी राख उकिरड्यावर झटकली, मला गुलाबाच्या साबणाने तीनदा धुतलं, कोळशाच्या इस्त्रीने कडक केलं आणि घडी घालून परत खिशात ठेवलं. इतका स्वच्छ मी शाळेतही नव्हतो.

सकाळी पुढे बंदूकवाला शिपाई, मागे झेलिपा, मग दोन परदेशी पाहुण्या, त्यांच्यामागे परीक्षक मुटिंता मॅडम आणि शेवटी योतामू. त्याने एक शब्द जरी उच्चारला तरी झेलिपा नापास, असा नियम होता.

नदीच्या वळणावर हत्तिणींचा कळप दिसला. चाळीस पावलांवर. मध्ये एक पिल्लू, अजून स्वतःच्या सोंडेत अडखळणारं. झेलिपाने हात वर केला, सगळे थांबले. तिने मला काढून हलवलं.

काहीच निघालं नाही.

तिने पुन्हा हलवलं. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जमीन दवाने भिजलेली, चिमूटभर धूळही उडेना. मागे योतामूने तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.

तेवढ्यात कळपातल्या म्हातारीने सोंड उचलली. ती हवेत हळूहळू फिरली आणि नेमकी माझ्यावर येऊन थांबली. त्या जंगलात गुलाब कुठेच उगवत नाही. झेलिपाने सोंडेकडे पाहिलं, आणि वारा आपल्याकडून कळपाकडे जातोय हे तिला कळलं. तिने तळहात खाली केला, म्हणजे मागे फिरा.

"अहो, फोटो तरी!" एक पाहुणी कुजबुजली.

"फोटो नंतर, आजी. आधी तुम्ही."

वास कळपाकडे जाऊ नये म्हणून सगळे वाऱ्याला आडवे सरकत उंच दरडीवर चढले. त्या गडबडीत मी तिच्या हातून खाली पडलो.

कळप सरळ त्याच जागेवर आला. म्हातारी माझ्यापाशी थांबली. सोंडेच्या टोकाला बोटांसारखी दोन टोकं असतात. त्यांनी तिने मला उचललं, हुंगलं. साबण हुंगला, साबणाखालची जुनी राख हुंगली, राखेखालची शाळाही बहुतेक हुंगली. मग मला जिथल्या तिथे ठेवलं आणि पिल्लाला पुढे घालून पाण्याकडे निघून गेली. झाडं मुळासकट उपटणारी ती सोंड! कळप गेल्यावर झेलिपाने मला उचलून वर नेलं, तेव्हा माझा एक धागाही निघाला नव्हता.

दरडीवर मॅडमनी वही मिटली. "मोजा रिकामा आहे, हे मी लगेच पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "भरलेला मोजा हातात असून पुढे जाणाऱ्यांना मी नापास केलंय. तू मागे फिरलीस. पास."

तळावर मुसोंडा मान खाली घालून उभा होता. "बाम्बो, या वेळी खरंच रागवा."

योतामूने मला झेलिपाकडून घेऊन त्याच्या हातात ठेवलं. "माकडखाऊ," तो म्हणाला, "आपल्या झेलिपाची अर्धी परीक्षा तूच घेतलीस. पुढच्या वेळी चमेलीचा साबण लाव. म्हातारीला बदल हवा असेल."

मुसोंडाने डोळे पुसले आणि स्वतः चुलीतली राख चाळून माझ्यात भरली. तेव्हापासून मी झेलिपाच्या खिशात असतो.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मुसोंडाने मला मायेने धुतलं, यात शंका नाही. पण एखादी गोष्ट जपायची असेल, तर आधी ती कशासाठी आहे हे ओळखा. त्या म्हातारीला तेवढं ओळखायला फक्त एक श्वास लागला होता.